काचेवरचा न हलणारा ठिपका

लेक कॉलेजात गेली आणि एक दिवस म्हणाली, "आई, मी हडपसरला ग्लायडिंग शिकणार." इंजिन नसलेलं विमान! पोटात गोळाच आला. त्यातून वर दुसरं कुणी येऊन धडकलं तर? तिथे ना सिग्नल, ना पोलीसमामा.

"अगं, नियम असतात," ती हसली. "घारी बघतेस ना घिरट्या घालताना? तिथे गरम हवा वर चढत असते. आम्हीही तीच शोधतो." म्हणजे आकाश एवढं मोठं, पण टँकरभोवती बायका जमाव्यात तसे सगळे एकाच जागी! म्हणून तिथे पहिला ज्या दिशेने फिरतोय, त्याच दिशेने नंतर येणाऱ्यांनीही फिरायचं. समोरासमोर आलात तर दोघांनी आपापल्या उजवीकडे वळायचं. डोंगराकडेने उडताना ज्याच्या उजव्या हाताला डोंगर, त्याला वाट द्यायची, कारण तो बिचारा उजवीकडे वळणार कुठे?

"यंत्र नाही का काही?" मी विचारलं. आहे. 2004 साली स्वित्झर्लंडमध्ये 'फ्लार्म' निघालं. टक्कर होईलसं दिसलं की ते इशारा देतं. पण समोरच्याकडेही तसं यंत्र हवं. त्यामुळे खरी भिस्त डोळ्यांवरच. वळण्याआधी त्या बाजूला नीट बघायचं, मगच वळायचं.

मग तिने सांगितलेलं एक वाक्य मात्र मनात रुतून बसलं. "आई, काचेवर जो ठिपका सरकतो, तो बहुतेक बाजूने निघून जातो. जो जागचा हलत नाही, नुसता मोठा होत जातो, तो आपल्यावर येत असतो. आणि नेमका तोच पटकन दिसत नाही. डोळा हलणाऱ्या गोष्टीकडेच धावतो ना!"

मला आमच्या बचत गटातली एक जण आठवली. भांडणाऱ्या, रडणाऱ्या बायका माझ्या लगेच लक्षात यायच्या. ही दर बैठकीला त्याच कोपऱ्यात, हप्ता वेळेवर देऊन गप्प बसायची. घरी मार खात होती, हे मला दोन वर्षांनी कळलं, तेही तिचा हात प्लास्टरमध्ये बघून.

लेक पहिल्यांदा एकटी उडाली, तेव्हा मी मैदानाच्या कडेला जीव मुठीत धरून उभी होते. खाली उतरल्यावर ती म्हणाली, "सारखी मान फिरवून मान दुखली गं!" इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

आता बैठकीत मीही मान फिरवते. आधी त्या कोपऱ्याकडे.