बाजाराचं प्रगतिपुस्तक

मुलांनो, शाळा तुमचं प्रगतिपुस्तक घरी पाठवते. आज तुम्ही एका रस्त्याचं प्रगतिपुस्तक लिहायचं आहे!

डोंबिवलीचा फडके रोड ठाऊक आहे ना? दिवाळीच्या पहाटे नव्या कपड्यांतली तरुण मंडळी तिथे नुसती लोटतात. गुढीपाडव्याची स्वागतयात्राही १९९९ साली याच डोंबिवलीत सुरू झाली, गणेश मंदिर संस्थानाच्या पुढाकाराने. शेकडो माणसं एकत्र आली की रस्ता कसा खुलतो, बघा!

पण एरवी काय? संध्याकाळी लोकल रिकामी झाली की ठाणे, कल्याण, डोंबिवली, कुठल्याही स्टेशनबाहेर चालायला वाट मिळत नाही. दुकानदार म्हणतो, "माझ्या दारातच हातगाडी! गिऱ्हाईक आत येणार कसं?" भाजीवाली मावशी म्हणते, "इथून उठवलंत तर पोरांना खायला काय घालू?" अन् आजी म्हणते, "मी पाय कुठे ठेवू?" तिघांचंही खरंच आहे, नाही का?

२०१७ साली मुंबई उच्च न्यायालयाने स्टेशनपासून १५० मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई केली. मग मावशीने बसायचं कुठे? याची वाट २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात आहे. तो सांगतो, आधी मोजणी करा, मग जागा ठरवा. ठरवायला प्रत्येक शहरात समिती हवी. तिचे अध्यक्ष महापालिकेचे आयुक्त. निदान ४० टक्के सभासद विक्रेत्यांनी निवडून दिलेले, त्यांत एक तृतीयांश बायका. शिवाय व्यापारी अन् रहिवासीही. म्हणजे भांडणारे सगळे एकाच टेबलाशी!

मोजणी तर तुम्हालाही जमेल. रविवारी आई-बाबांना सोबत घ्या, वही-पेन्सिल घ्या अन् जवळच्या बाजाररस्त्यावर जा.

१. एका जागी १५ मिनिटं उभे राहा. किती माणसं चालत गेली? त्याला ४ ने गुणा, तासाचा अंदाज मिळेल. सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा मोजा.

२. किती दुकानांची शटरं कायमची बंद आहेत?

३. फूटपाथवरून खाली न उतरता सलग किती पावलं चालता येतं?

४. दिवे, कचऱ्याचा डबा, टेकायला कट्टा आहे का?

५. दुकानदार, फेरीवाला अन् गिऱ्हाईक, तिघांना एकच प्रश्न विचारा: "इथे एकच गोष्ट बदलायची तर कोणती?"

गंमत अशी, की पुष्कळदा तिघांचं उत्तर एकच निघू शकतं. एखादा बंद दिवा, नाहीतर तुंबलेलं गटार! सुरुवात तिथूनच करायची. भांडणाचे प्रश्न त्यानंतर. एक काम मिळून केलं, की पुढचं बोलणं सोपं जातं.

आकडे स्वच्छ अक्षरात लिहा अन् सोसायटीच्या सभेत, व्यापारी मंडळाकडे, प्रभाग कार्यालयात द्या. "फार गर्दी असते" असं सगळेच म्हणतात, पण "तासाला इतकी माणसं" असं सांगितलं की मोठ्यांनाही ऐकावं लागतं.

मग, या रविवारी निघताय ना?