नाव, नोंद आणि थकीत वेतन : कंत्राटी सफाई कामगारांच्या लढ्यातील पुराव्याचा प्रश्न

मावळ तालुक्यात लोणावळा, कामशेत आणि पवना धरणाचा परिसर, तसेच कार्ला, भाजे व बेडसे या लेण्यांच्या आसपासचा भाग पर्यटनामुळे बदलत गेला आहे. हॉटेले आणि विश्रामगृहे वाढली, तशी रोजच्या झाडलोटीची गरजही वाढली. हे काम करणारा माणूस पुष्कळदा परगावचा असतो आणि त्याचा व्यवहार मालकाशी नव्हे, तर ठेकेदाराशी किंवा मुकादमाशी असतो. ठेकेदार बदलला की शेवटच्या महिन्याचा पगार बुडतो, ही सफाईच्या क्षेत्रातील जुनी तक्रार आहे. वेतनवसुलीचे कायदे स्वातंत्र्यपूर्व काळापासून अस्तित्वात असताना ही तक्रार टिकून का राहते, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात मुंबईतील कचरा कामगारांच्या संघटनेच्या आधारे केला आहे.

कायद्याच्या बाजूने पाहिल्यास कामगाराचा हक्क कधीच संदिग्ध नव्हता. १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमाने वेळेवर वेतन देण्याचे बंधन घातले. १९४८ च्या किमान वेतन अधिनियमानुसार कमी दिलेल्या रकमेच्या दहापटींपर्यंत भरपाई मागता येत असे. १९७० च्या कंत्राटी कामगार अधिनियमाने तर ठेकेदाराने पगार थकविल्यास तो मूळ मालकाने द्यावा, अशी तरतूद केली. आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालय आणखी पुढे गेले. किमान वेतनाहून कमी मोबदल्यात काम करून घेणे ही राज्यघटनेच्या कलम २३ ने निषिद्ध ठरविलेली वेठबिगारीच होय, असे त्याने म्हटले.

अडचण वेगळ्या ठिकाणी होती. दाद मागणाऱ्याला प्रथम सिद्ध करावे लागते की आपण येथे कामाला होतो आणि आपला खरा मालक अमुक आहे. कंत्राटी पद्धतीत नेमकी हीच दोन तथ्ये पुसट होतात. हजेरीपट ठेकेदाराकडे, पगारपत्रकावर अंगठा, ओळखपत्र नाही, आणि काही महिन्यांनी ठेकेदाराचे नावही नवे.

कचरा वाहतूक श्रमिक संघाची स्थापना १९९७ मध्ये मिलिंद रानडे यांच्या पुढाकाराने झाली. मुंबई महानगरपालिकेसाठी कचरा भरणारे आणि वाहून नेणारे कंत्राटी कामगार हे त्याचे सभासद. त्यांत मराठवाड्यातून आलेल्या दलित कुटुंबांचा भरणा मोठा होता. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार अधिनियम त्यांच्या उपयोगाचा नव्हता, कारण तो ठेकेदारामार्फत एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेलेल्या मजुरांपुरता मर्यादित होता. जालना किंवा बीडहून मुंबईला येणारा मनुष्य गाव, शिवार आणि आधार सोडून येतो; परंतु राज्याची सीमा ओलांडत नसल्याने तो या कायद्याच्या लेखी स्थलांतरित ठरत नसे.

संघटना उभी राहिली तो काळ अनुकूल भासत होता. केंद्र सरकारने १९७६ मध्ये अधिसूचना काढून आपल्या अखत्यारीतील आस्थापनांमध्ये इमारतींच्या झाडलोट-सफाईसाठी कंत्राटी कामगार नेमण्यास मनाई केली होती. तिच्या आधारे डिसेंबर १९९६ मध्ये एअर इंडियाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, कंत्राट पद्धती रद्द होताच कामगार थेट मूळ मालकाचे होतात, असा निर्णय दिला. पुढे ऑगस्ट २००१ मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने स्टील अथॉरिटीच्या प्रकरणात ही भूमिका फिरविली आणि १९७६ ची अधिसूचनाही रद्द ठरविली. तेव्हापासून कंत्राट केवळ दिखाऊ आहे, हे औद्योगिक न्यायाधिकरणापुढे पुराव्यानिशी दाखविणे आवश्यक झाले. काम कोण नेमून देतो, देखरेख कोणाची, ठेकेदार बदलला तरी माणसे तीच राहतात काय, या प्रश्नांना निर्णायक महत्त्व आले.

नोंदीचा प्रश्न धोरणातूनही बिकट होत गेला. १९७० चा अधिनियम २० किंवा त्याहून अधिक कंत्राटी कामगार असतील तेथेच लागू होता. मुंबईत 'हैदराबाद पॅटर्न' या नावाने कामाचे लहान तुकडे पाडून प्रत्येकी २० हून कमी माणसांची कंत्राटे देण्यात आली. कामगाराला 'स्वयंसेवक' म्हटले गेले. शब्द बदलला की वेतनाचे मानधन होते आणि मागणाऱ्याचा हक्क विनंतीच्या पातळीवर येतो. प्रशासकीय भाषेची ही करामत अभ्यासकांनी अधिक गांभीर्याने घ्यायला हवी.

या स्थितीत श्रमिक संघाला मोर्चा आणि निवेदन यांच्या बरोबरीने नावांची यादी सांभाळावी लागली. २०१४ मध्ये औद्योगिक न्यायाधिकरणाने कंत्राटे बनावट ठरवून २,७०० कामगारांना कायम करण्याचा निवाडा दिला. उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये तो उचलून धरला आणि एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, २०१४ पासून कायमपण मान्य करीत, महानगरपालिकेचे अपील निकालात काढले. लढा येथे संपायला हवा होता. प्रत्यक्षात पडताळणीच्या टप्प्यावर शेकडो कामगार अडकले, कारण यादीतील नाव आणि ओळखीच्या कागदावरील नाव तंतोतंत जुळत नव्हते. कोठे वडिलांचे नाव गळालेले, कोठे इंग्रजीतील एखादे अक्षर कमी. ज्यांनी कधी आपले नाव स्वतः लिहिले नव्हते, त्यांच्याकडून दुसऱ्याने केलेल्या लेखनाची शुद्धता मागितली गेली.

मावळला लागून असलेल्या पिंपरी-चिंचवडमध्येही असेच एक प्रकरण घडले. राष्ट्रीय श्रमिक आघाडीने १९९८ ते २००४ या काळातील ५७२ कंत्राटी सफाई कामगारांच्या वेतनफरकाचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढविला. महानगरपालिकेवर सुमारे १६ कोटी ८० लाख रुपयांची जबाबदारी आली. सरासरी काढल्यास माणशी जवळजवळ तीन लाख रुपये होतात. दरमहा थोडे थोडे कापलेले वेतन साचून केवढे होते, याची यावरून कल्पना येते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि वर उल्लेखिलेले जुने अधिनियम इतिहासजमा झाले. वेतन संहितेनुसार दावा दाखल करण्याची मुदत तीन वर्षे आहे (किमान वेतनाच्या दाव्यासाठी पूर्वी ती सहा महिनेच होती), नोंदणीकृत संघटनेला कामगाराच्या वतीने अर्ज करता येतो आणि पैसे दिल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे. हे निश्चितच पुढचे पाऊल होय. परंतु व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत कंत्राटी कामगारांच्या तरतुदींसाठी ५० माणसांची मर्यादा ठेवली आहे. तसेच 'मुख्य कार्य' या संज्ञेतून सामान्यतः सफाईचे काम वगळले असल्याने त्यासाठी कंत्राटाची वाट मोकळी राहिली आहे. स्वतःहून आलेल्या परप्रांतीयाला ही संहिता स्थलांतरित मानते. राज्यांतर्गत स्थलांतरिताची उपेक्षा मात्र कायम आहे.

लोणावळ्यातील एखाद्या हॉटेलात सात-आठ सफाई कामगार असतील, तर ५० ची मर्यादा त्यांच्या आड येते. वेतन संहितेला अशी संख्येची अट नाही. म्हणून त्यांचा दावा तिच्या आधारेच उभा राहील. पैसे दिले की नाही, हे मालकाने सिद्ध करायचे असले, तरी आपण तेथे कामाला होतो, हे आधी कामगारालाच दाखवावे लागते. फाटकावरील नोंदवही, मुकादमाचे भ्रमणध्वनीवरील संदेश, गणवेशातील छायाचित्र, सोबत काम करणाऱ्याची साक्ष हे त्याचे पुरावे. यांतील साक्ष सर्वांत लवकर हातची जाते, कारण साक्षीदारही परगावचाच असतो आणि हंगाम संपला की गावी परततो.