साबिनाबाईंचा जागर आणि कॅमेरा

मेक्सिकोतल्या मासातेक लोकांच्या, रोग्यासाठी रात्रभर चालणाऱ्या अळंब्यांच्या जागरावर माहितीपट करायचा तर पहिली अडचण उजेडाची. अळंब्या कोपाल नावाच्या धुपावर धरून जोडीजोडीने वाटल्या जातात, मेणबत्त्या विझतात आणि पुढचे कित्येक तास सगळं अंधारात चालतं. दाखवण्यासारखं थोडंच उरतं. उरतो तो आवाज: गाणं, टाळ्यांचा ठेका, मधूनच रोग्याशी बोलणं. मासातेक ही सुरांची भाषा. तिथले पुरुष शब्दांचे सूर नुसत्या शिट्टीत पकडून दूरवर गप्पा मारू शकतात. अशा लोकांकडे जाताना कॅमेऱ्याआधी कान तयार हवा.

मेक्सिकोच्या वाहाका राज्यातल्या वाउत्ला दे हिमेनेस या डोंगरी गावच्या मासातेक मारिया साबिना जगाला ठाऊक झाल्या त्या मात्र छायाचित्रांमुळे. त्यांचा जन्म १८९४ चा धरतात. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं. आजारी बहिणीला बरं करण्यासाठी अळंब्या घेतल्या तेव्हा आपल्याला ज्ञानाचा ग्रंथ मिळाला, असं त्या सांगत. अळंब्यांना त्या पवित्र लेकरं म्हणत. त्यांतली एक जात दरड कोसळलेल्या मातीत उगवते आणि तिचं स्थानिक स्पॅनिश नावही दरडीवरूनच पडलं आहे. गावाच्या लेखी साबिनाबाई म्हणजे जाणती बाई. रोग कशाने झाला आणि रोगी वाचेल का, हे विचारायला लोक त्यांच्याकडे येत.

२९ जून १९५५ च्या रात्री त्यांच्यासमोर गॉर्डन वॉसन बसले होते. ते न्यूयॉर्कच्या जे. पी. मॉर्गन बँकेचे उपाध्यक्ष आणि अळंब्यांचे नादिष्ट अभ्यासक. (ऋग्वेदातला सोम म्हणजे अळंबीच, असं १९६८ मध्ये मांडणारे हेच वॉसन.) गावातल्या एका अधिकाऱ्याच्या शब्दाखातर साबिनाबाईंनी पाहुण्यांना बसू दिलं. सोबतच्या ॲलन रिचर्डसन यांनी फोटो काढले. ते विश्वासातल्या माणसांपलीकडे जाऊ नयेत, एवढीच बाईंची अट होती. १३ मे १९५७ च्या ‘लाइफ’ साप्ताहिकात ते छापून आले. नाव बदललं होतं, चेहरा तोच होता.

पुढचं सगळं भराभर झालं. वॉसन यांच्या १९५६ च्या मोहिमेत सीआयएच्या पैशावर आलेला एक रसायनतज्ज्ञ शिरला होता. १९५८ मध्ये स्वित्झर्लंडच्या आल्बर्ट हॉफमन यांनी अळंबीतलं सायलोसिबिन हे रसायन वेगळं काढलं आणि १९६२ मध्ये त्याच्या गोळ्या घेऊन ते वाउत्लाला गेले. साबिनाबाईंनी त्या घेऊन पाहिल्या आणि अळंबीची शक्ती यातही आहे, असा निर्वाळा दिला. साठच्या दशकात हिप्पींची रीघ लागली, मागोमाग पोलीस आणि लष्कर आलं. बाईंवर संशय घेतला गेला, त्यांचं घर जाळलं गेलं. परके येण्याआधी निव्वळ देव भेटावा म्हणून कुणी अळंबी खात नसे, ती रोग्यासाठी असे, आणि ते आल्यापासून तिची ताकद गेली, असं त्यांनी उतारवयात सांगितलं.

मला हे वाक्य फार मोलाचं वाटतं. गोळीत रसायन आलं. रोगी, त्याचे नातेवाईक, रात्रभर त्याच्यासाठी गाणारी बाई आणि तिच्यावरचा गावाचा विश्वास हे गोळीत येत नाही.

ते सापडतं एका ध्वनिमुद्रणात. साबिनाबाईंच्या जुलै १९५८ मधल्या एका जागरात समोर खरा रोगी होता, सतरा वर्षांचा मुलगा. तो वाचणार नाही, असा कौल त्या रात्री पडला आणि काही आठवड्यांत तो गेला. त्या रात्रीचं गाणं भाषातज्ज्ञांनी मासातेकमध्ये उतरवलं, त्याचं स्पॅनिश व इंग्रजी भाषांतर आणि स्वरलेखन झालं आणि १९७४ मध्ये ते पुस्तकरूपाने आलं. या जागराचा इतका पूर्ण दस्तऐवज माझ्या वाचनात दुसरा नाही. तरीही प्रश्न राहतोच: मरणाचा निकाल ऐकणाऱ्या मुलासमोर यंत्र चालू ठेवायला परवानगी द्यायची कुणी?

गावाच्या बाजूने दोन कामं उभी राहिली. अल्वारो एस्त्रादा स्वतः मासातेक. त्यांनी बाईंशी त्यांच्याच भाषेत बोलून त्यांची जीवनकथा १९७७ मध्ये स्पॅनिशमध्ये प्रसिद्ध केली. मग १९७९ मध्ये निकोलास एचेवारिया यांचा ‘मारिया साबिना, मुहेर एस्पिरितू’ हा माहितीपट आला. एचेवारिया संगीत शिकलेले. चित्रपटात जागर आहे, तसंच म्हाताऱ्या बाईचं रोजचं जगणंही आहे. या विषयाला हात घालणाऱ्याने आधी हा माहितीपट पाहावा.

२२ नोव्हेंबर १९८५ ला साबिनाबाई गरिबीतच वारल्या. आज सायलोसिबिनवर नैराश्याच्या उपचारांसाठी मोठ्या चाचण्या चालू आहेत, कंपन्यांनी पेटंटही घेतली आहेत.

आपल्याकडेही पाड्यांवरच्या भगतांवर, जाणत्या सुईणींवर, वैदूंवर माहितीपट करायला तरुण मंडळी निघतात. त्यांना माझं सांगणं आहे: मुळी कोणती, हे विचारण्याआधी त्या घरात औषधाला कोण येतं ते पाहा, त्या माणसाची परवानगी घ्या, बोलणं त्यांच्याच बोलीत टिपा आणि झालेलं चित्रण प्रदर्शनाआधी त्या घरी नेऊन दाखवा. वनस्पतीचं नाव आणि ती सापडते ती जागा जाहीर करायची की नाही, हे त्यांनाच ठरवू द्या.