जुन्या डेस्कटॉप संगणकाची स्मृतिवृद्धी : काही मर्यादा व दक्षता

‘मेमरी’ या शब्दास मराठीत ‘स्मृती’ हा प्रतिशब्द रूढ झाला असला, तरी येथे ज्या घटकाचा विचार करावयाचा आहे त्या रॅमला हे नाव फारसे शोभत नाही. वीज खंडित होताच रॅममधील सर्व मजकूर नाहीसा होतो. आठवण ठेवण्याचे काम हार्ड डिस्कचे आहे. रॅमची योग्यता शाळेतील पाटीची. गणित मांडावयाचे ते पाटीवर. पाटी लहान पडली की काही भाग पुसून पुढचे मांडावयाचे. संगणक अशा वेळी पाटीवरील मजकूर डिस्कवर उतरवून ठेवतो व लागेल तेव्हा परत आणतो. या येरझारांत जुना संगणक मंद वाटू लागतो, आणि दोष मात्र पुष्कळदा बिचाऱ्या प्रोसेसरवर येतो.

मराठी मजकुरावर काम करणाऱ्यास ही पाटी इतरांहून लवकर अपुरी पडते. यूटीएफ-८ या सर्वत्र प्रचलित संकेतपद्धतीत इंग्रजी वर्णमालेतील अक्षरास एक बाइट पुरतो. देवनागरीतील प्रत्येक चिन्हास तीन लागतात. शिवाय काना, वेलांटी, हलन्त ही सारी स्वतंत्र चिन्हे गणली जातात. ‘विद्यापीठ’ हा शब्द वाचकास चार अक्षरांचा दिसतो. संगणकाच्या हिशेबी तो नऊ चिन्हांचा, म्हणजे २७ बाइटांचा आहे. त्यात, कॉर्पसवर चालणारी आज्ञावली प्रत्येक शब्द सुटा करून त्याची निराळी नोंद स्मृतीत ठेवू लागली, की नोंदीचा खर्च शब्दाच्या मूळ आकाराहूनही अधिक होतो. त्यामुळे डिस्कवर काहीशे मेगाबाइट व्यापणारा कॉर्पस शब्दसूची करतेवेळी कित्येक गिगाबाइट मागू शकतो, आणि रात्रभर चालू ठेवलेले काम सकाळी अर्ध्यावर थांबलेले आढळते. असा संगणक मोडीत काढावा की त्याची स्मृती वाढवावी, हा प्रश्न अनुदानाच्या चणचणीत असलेल्या विभागापुढे खराखुरा असतो.

प्रथम स्मृतीच कमी पडते आहे काय, हे पाहावे. नेहमीचे काम चालू असता टास्क मॅनेजर उघडल्यास वापरातील स्मृतीचा आकडा दिसतो. तो निम्म्यावरच रेंगाळत असेल, तर नवी पट्टी घालून काही साधणार नाही. मंदपणाचे मूळ बहुधा जुन्या हार्ड डिस्कमध्ये असते.

स्मृती खरोखरच अपुरी असेल, तर ती किती वाढू शकेल हे मदरबोर्डावरील चिपसेट ठरवितो. २००५ च्या सुमाराच्या इंटेल ९४५ चिपसेटची कमाल मर्यादा ४ गिगाबाइट आहे, आणि तीही पूर्ण हाती लागत नाही. कारण त्याच पत्त्यांतून ग्राफिक्स इत्यादी उपकरणांसाठी जागा राखून ठेवावी लागते. २००८ नंतरच्या जी४१ मध्ये ही मर्यादा ८ गिगाबाइट आहे. २०११ च्या एच६१ मध्ये १६. बोर्डाचे नाव त्याच्या पृष्ठभागावर छापलेले असते. त्याची पुस्तिका मिळवून वाचणे हे विक्रेत्याच्या शब्दावर विसंबण्यापेक्षा केव्हाही श्रेयस्कर.

दुसरी मर्यादा पत्त्यांची. स्मृतीतील प्रत्येक बाइटास क्रमांक असतो, आणि ३२ द्विमान अंकांत असे ४,२९,४९,६७,२९६ क्रमांकच बसतात. हेच ते ४ गिगाबाइट. ३२-बिट विंडोज असलेल्या संगणकात ८ गिगाबाइटच्या पट्ट्या बसविल्या तरी वापरात येतात त्या ४ हूनही कमी. उरलेले द्रव्य वाया जाते. यास्तव ६४-बिट प्रणाली नव्याने घालावी लागते, आणि कॉर्पसची आज्ञावलीही ६४-बिट असावी लागते. मराठी विभागांच्या दृष्टीने येथे एक अडचण आहे, जिची वाच्यता क्वचितच होते. १६-बिट आज्ञावल्या ६४-बिट विंडोजवर चालत नाहीत, आणि ज्या जुन्या टंकलेखन-आज्ञावलीस संगणकाला जोडावयाचे कुलूप लागते, तिला ६४-बिट ड्रायव्हर मिळेलच असे नाही. युनिकोडपूर्व फाँटांत टंकित झालेले प्रबंध व बोलींचे नमुने अजूनही त्यांतच अडकलेले असतात. ते युनिकोडमध्ये उतरवून घेतल्यावाचून जुनी प्रणाली पुसू नये.

तिसरी गोष्ट पट्टीच्या जातीची. डीडीआर२ आणि डीडीआर३ या दोहोंना २४० पिनाच असतात. परंतु खाच निरनिराळ्या जागी असते, व विद्युद्दाबही अनुक्रमे १.८ आणि १.५ व्होल्ट असा भिन्न असतो. एकीच्या स्लॉटमध्ये दुसरी बसत नाही. ती बळाने बसवू पाहणाऱ्यांची उदाहरणे दुरुस्तीच्या दुकानांत विरळ नाहीत. जी४१ चे बोर्ड दोन्ही जातींचे निघाले, म्हणून केवळ चिपसेट सांगून पट्टी मागू नये. याच चिपसेटला अधिक घनतेच्या चिपा वाचता येत नाहीत. ४ गिगाबाइटची डीडीआर३ पट्टी घ्यावयाची तर दोन्ही बाजू मिळून सोळा चिपा असलेली घ्यावी. आठ चिपांची पट्टी दिसावयास हुबेहूब तशीच असूनही चालणार नाही.

बसविण्याचे काम अवघड नाही. वीजजोडणी काढावी, चालू करण्याचे बटण एकदा दाबून उरलेला भार जाऊ द्यावा, धातूच्या पेटीस स्पर्श करून अंगावरील स्थिरविद्युत घालवावी, आणि पट्टी कडेने धरून दोन्ही बाजूंचे खटके मिटेपर्यंत सरळ दाबावी. समान क्षमतेच्या दोन पट्ट्या पुस्तिकेत सांगितलेल्या जोडीच्या स्लॉटांत घातल्यास गतीचा थोडा लाभ होतो.

खरी दक्षता याच्यापुढे आहे. जुन्या जातीच्या पट्ट्या बहुधा वापरलेल्याच मिळतात. बिघडलेली पट्टी संगणक बंद पाडीलच असे नाही. ती निमूटपणे एखादा बिट उलटा करू शकते, आणि साध्या डेस्कटॉपमध्ये ही चूक सावरणारी योजना नसते. युनिकोडमध्ये ‘क’ व ‘ग’ यांच्या संकेतांत केवळ एका बिटाचा फरक आहे. तो उलटला की ‘काय’चे ‘गाय’ होते. दोन्ही शब्द शुद्ध असल्यामुळे शुद्धलेखनतपासनीसाला त्याचा पत्ता लागत नाही, आणि शब्दांच्या वारंवारितेचा कोष्टक चुकीचा असूनही निर्दोष दिसत राहतो. याकरिता नवी पट्टी बसविताच मेमटेस्ट८६+ ही आज्ञावली पेनड्राइव्हवरून सुरू करून निदान एक रात्र चालू ठेवावी. एकही चूक दिसल्यास पट्ट्या एकेक करून तपासाव्यात. निर्दोष ठरलेली पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये घालूनही पाहावी, कारण कधीकधी सदोष असतो तो स्लॉट.