टेंपलसाहेबांचा एक पौंड

दुष्काळाच्या जुन्या अहवालांचा नाद लागला की माणूस हळूहळू मृतांचे आकडे ओलांडून पुढे जायला शिकतो. यात भूषण काही नाही, पण होतं खरं. मग नजर दुसऱ्याच आकड्यांवर अडकते. मापं, वजनं, आणे, पै. माझी नजर गेली कित्येक वर्षं एका पौंडावर अडकलेली आहे. आजच्या हिशेबात साधारण 454 ग्रॅम धान्य. 1877 च्या सुरुवातीला, दिवसभर खडी फोडणाऱ्या धडधाकट पुरुषाला तेवढं पुरे, असा सरकारी निर्णय झाला आणि त्यावरून मद्रासपासून पुण्यापर्यंत जे भांडण पेटलं, ते माझ्या मते अजून मिटलेलं नाही.

1876 चा पाऊस दख्खनला दगा देऊन गेला. त्या वर्षी पॅसिफिकमध्ये असामान्य ताकदीचा एल निनो उभा राहत होता. दीप्ती सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2018 मध्ये दाखवलं की पुढे हिंदी महासागर आणि अटलांटिकही तापून त्याला सामील झाले. म्हणूनच भारत, चीन आणि ब्राझील जवळपास एकाच वेळी होरपळले. सोलापूर, कलादगी, नगर, सातारा, पुणे या भागांतली ज्वारी-बाजरी गेली. धान्य मात्र देशात होतं, रेल्वेही होती. धान्य जिथे भाव होता तिथे गेलं, जिथे भूक होती तिथे गेलं नाही. ही गोष्ट वाचकांना नवी नाही, तेव्हा थेट सर रिचर्ड टेंपल यांच्याकडे येऊ.

टेंपल हा विलक्षण माणूस. घोड्यावरून अफाट मजल मारणारा, निसर्गचित्रं काढणारा, अहवाल तर पाण्यासारखे लिहिणारा. 1874 च्या बिहार-बंगालच्या दुष्काळात त्याने ब्रह्मदेशातून भरमसाट तांदूळ आणवला आणि माणसं जवळजवळ मरू दिली नाहीत. ब्रिटिश राजवटीच्या दुष्काळी इतिहासात इतकं चांगलं काम दुसरं क्वचित सापडेल. त्याबद्दल त्याला बक्षीस काय मिळालं, तर उधळ्या म्हणून लंडनपर्यंत बदनामी. तीन वर्षांनी व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने त्यालाच दक्षिणेच्या दुष्काळावर प्रतिनिधी म्हणून पाठवलं, तेव्हा हा माणूस आपलं नाव धुऊन काढायच्या तयारीनेच निघाला होता. जीव वाचवल्याची शिक्षा एकदा भोगलेला अधिकारी दुसऱ्यांदा काय करील, याचं उत्तर म्हणजे तो एक पौंड.

‘टेंपल वेतन’ असं पुढे त्याचं नाव पडलं. पुरुषाला एक पौंड धान्याची बाजारभावाने होईल ती किंमत आणि वर अर्धा आणा. बाईला एक पौंड आणि पाव आणा. मुलाला त्याहून कमी. मीठ, मिरची, डाळ, सरपण, सगळं त्या वरच्या नाण्यात बसवायचं. एक पौंड ज्वारीतून साधारण दीड हजार ते सोळाशे कॅलरी मिळतात. आयसीएमआर आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2020 साली कष्टाचं काम करणाऱ्या पुरुषासाठी धरलेली गरज आहे 3,470. वरच्या अर्ध्या आण्याचंही धान्यच घेतलं, तरी दुष्काळी भावात ही दरी बुजत नाही. शिवाय काम घरापासून दहा मैलांच्या पलीकडे, म्हणजे ज्याला खरंच गरज आहे तोच येईल. गरजवंताची परीक्षा घ्यायची तर त्याला आधी चालवा, हा विचार आपल्या प्रशासनातून अजून गेलेला नाही.

इकडे पुण्यात सार्वजनिक सभा होती. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, 1 जानेवारी 1877 च्या दिल्ली दरबाराला हातानं कातलेल्या खादीच्या पोशाखात जाऊन आले होते. एका बाजूला राणीला सम्राज्ञी म्हणून घोषित करण्याचा तो थाट, आणि त्याच महिन्यात दख्खनमध्ये मजुरीची कात्री. सभेची माणसं तालुक्यांतून माहिती गोळा करत होती आणि काका व न्यायमूर्ती रानडे यांच्या सभेकडून सरकारला अर्जांवर अर्ज जात होते. सभेची भाषा अदबीची, आकडे मात्र बोचरे. आणि मग मजुरांनीच ते केलं जे अर्जांना जमलं नसतं. त्यांनी काम सोडलं. लाखाहून अधिक दुष्काळग्रस्त, ज्यांच्या घरात दाणा नव्हता, ते सरकारी कामावरून उठून निघून गेले. या संपाला आपल्या शालेय इतिहासात एक ओळही का मिळू नये, हे मला कधी कळलेलं नाही. उपाशी माणसाने अपुरी भाकरी नाकारणं हे आपल्याला बहुधा पचत नाही. आपल्याला उपाशी माणूस कृतज्ञ लागतो.

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला तो माणूस. डॉ. विल्यम रॉबर्ट कॉर्निश, मद्रास इलाख्याचा सॅनिटरी कमिशनर. नाव कुणाच्या लक्षात नाही, पुतळा नाही, रस्ता नाही. 1863 मध्येच त्याने मद्रास इलाख्यातले लोक नेमकं काय खातात यावर अहवाल लिहिला होता. कोणती जात, कोणतं धान्य, किती डाळ, किती ताक. त्या काळी साहेबाने रयतेच्या ताटात डोकावणं दुर्मिळच. तुरुंगातल्या कैद्यांच्या आहाराचाही त्याचा अभ्यास होता, आणि तोच त्याने टेंपलवर उलटवला. सरकार चोराला जितकं खायला घालतं त्याहून कमी धान्यात तुम्ही निरपराध माणसाकडून बांध घालून घेता, हा त्याचा मुद्दा. वजनाने पोट मोजता येत नाही; धान्यासोबत डाळ हवी, भाजी हवी, नाहीतर स्नायू झिजतात, असं तो बजावत राहिला. टेंपल उत्तर देई की हे सगळं पुस्तकी आहे, एक पौंड पुरतो की नाही ते करून बघू. करून कुणावर बघायचं, हे सांगायची गरज नव्हती.

विल्यम डिग्बी या मद्रासच्या संपादकाने 1878 मध्ये दुष्काळावर दोन जाडजूड खंड काढले. त्यांत हे टोलेप्रतिटोले वाचायला मिळतात. एक कागदी लढाई, दोन्हीकडून कोष्टकं, आणि मधे छावण्यांतली माणसं. मला त्यात सगळ्यात हलवून गेली ती कॉर्निशची शवविच्छेदनाची निरीक्षणं. छावणीत मेलेल्यांच्या शरीरातली चरबी आणि मांस झिजून गेलेलं, आणि आतड्याचं आतलं अस्तर नष्ट झालेलं. म्हणजे उशिरा मिळालेलं अन्न अंगी लागतच नाही. जुलाब लागतात आणि कागदोपत्री नोंद होते ‘अतिसार’. भूक हा शब्द मृत्यूच्या रकान्यात येत नाही. आज कुपोषित मुलांच्या आतड्यांचा अभ्यास करणारे तज्ज्ञ अन्न शोषून न घेणाऱ्या आतड्याबद्दल बोलतात तेव्हा कॉर्निश आठवतो.

1877 मध्येच मद्रासच्या गव्हर्नरने, बकिंगहॅमच्या ड्यूकने, कॉर्निशचं ऐकून शिधा वाढवला. आणि टेंपल? तो त्याच वर्षी मुंबईचा गव्हर्नर होऊन आला. सार्वजनिक सभेला आता त्याच्याविरुद्धचे अर्ज त्याच्याकडेच करायचे होते. 1880 च्या दुष्काळ आयोगाने ब्रिटिश मुलखातले मृत्यू 50 लाखांच्या वर धरले.

मधली नव्वद वर्षं मी पळत ओलांडतो. दुष्काळ संहिता आल्या, आयोग आले, आणखी दोन भयंकर दुष्काळ येऊन गेले. दक्षिणेत कुन्नूरच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट मॅककॅरिसनने उंदरांना शीख, पठाण, मराठा, गुरखा, कानडी, बंगाली आणि मद्रासी असे प्रांतोप्रांतीचे आहार खाऊ घातले. पैकी शीख आहाराचे उंदीर सर्वांत गुबगुबीत, मद्रासी आहाराचे सर्वांत हडकुळे. मराठा उंदीर तिसरा. (याचा अभिमान बाळगावा की कसं, हे वाचकाने ठरवावं.) वजनाच्या पलीकडे ताटात काय आहे, हा कॉर्निशचा प्रश्न निदान उंदरांच्या बाबतीत गंभीरपणे घेतला गेला.

मग 1972. हा दुष्काळ आठवणारी माणसं अजून आहेत, आणि त्यांच्या बोलण्यात दोन गोष्टी हटकून येतात. अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी आणि दुष्काळी कामावर मिळणारा सुकडीचा खाऊ. मिलोची भाकरी कुणाला आवडली नाही, पण ती होती. 1973 च्या मे महिन्यात महाराष्ट्रात सुमारे 50 लाख माणसं सरकारी कामांवर होती. जगात कुठे दुष्काळात एवढ्या लोकांना एकाच वेळी काम दिलं गेल्याचं माझ्या वाचनात नाही. त्यामागे वि. स. पागे यांनी 1965 साली तासगाव तालुक्यात करून पाहिलेल्या योजनेचं बीज होतं, त्यातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा झाला. टेंपलच्या कामांत आणि या कामांत खडी तीच होती. फरक हा की इथे मजूर मतदार होता, आणि कामावर खाऊ देणं ही सरकारला शरम वाटायची गोष्ट राहिली नव्हती.

पण 1972 ने एक गोष्ट कायमची बदलली, ती म्हणजे धान्य कुठून येतं हा प्रश्न. आधी ते पेवातून आणि कणगीतून येई. नंतर ते रेशन दुकानातून येऊ लागलं. आणि रेशन दुकानात गहू आणि तांदूळ येतात. जिथे पिढ्यान्‌पिढ्या ज्वारी खाल्ली गेली त्या सोलापूर-बीड-धाराशिवच्या पट्ट्यातही.

ज्वारीचं गुणगान करायला मी बसलेलो नाही. 1960 मध्ये कोलुथूर गोपालन आणि श्रीकांतिया यांनी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं होतं की दख्खनच्या पठारावर ज्वारीवरच जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा होतो. उन्हात भाजल्यासारखे गळ्याभोवती आणि हातांवर चट्टे, जुलाब, मग भ्रम. ज्वारीतल्या जादा ल्युसीनवर त्यांनी बोट ठेवलं. त्यावर पुढे बराच वाद झाला, पण मूळ गोष्ट कुणी नाकारली नाही: हा रोग निव्वळ भाकरी-मिरचीवर जगणाऱ्याला गाठतो. भाकरीसोबत डाळ, ताक, अंबाडी, तांदुळजा असेल तर तो फिरकत नाही. 2023 च्या भरडधान्य वर्षात ज्वारीला ‘श्रीअन्न’ म्हणून मखरात बसवणाऱ्या भाषणांत पेलाग्राचा उल्लेख मी ऐकला नाही.

तरीही रब्बी ज्वारी गेली याचं मला वाईट वाटतं, आणि ते स्मरणरंजन नाही. मोहोळला 1930 च्या दशकात निवडलेली मालदांडी, एम 35-1, हस्ताच्या पावसाची जमिनीत मुरलेली ओल पिऊन पिकते. वर पाणी लागत नाही आणि वर कडबा मिळतो. ती मागे हटली याची कारणं रोकडी आहेत. मुळासकट उपटून काढायला मजूर मिळत नाहीत, पाखरं राखायला माणूस नाही, भाव नाही. खरिपातली जागा सोयाबीनने घेतली, रब्बीतली हरभऱ्याने आणि पाणी असेल तिथे उसाने. वर आभाळाने साथ सोडली. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवलं की 1950 पासून मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. हस्तात असा पाऊस पडला की वाफसा येत नाही, पेर लांबते, आणि लांबलेलं पीक काढणीच्या सुमारास 2014 सारख्या गारपिटीच्या तोंडी सापडतं. शेतकरी वेडा नाही. तो ज्वारी सोडतो.

आता दैवाचा खेळ पाहा. सॅम्युएल मायर्स यांच्या गटाने 2014 मध्ये ‘नेचर’मध्ये शेतातल्या प्रयोगांचे निष्कर्ष मांडले. हवेतला कार्बन डायऑक्साइड या शतकाच्या मध्याला असेल तेवढा, साडेपाचशे पीपीएमच्या आसपास, ठेवून पिकवलेल्या गव्हात जस्त सुमारे 9 टक्क्यांनी, लोह 5 टक्क्यांनी आणि प्रथिनं 6 टक्क्यांनी कमी भरली. तांदळातही घट. मका आणि ज्वारीवर मात्र फारसा परिणाम नाही, कारण प्रकाशसंश्लेषणाची त्यांची रीत वेगळी आहे. पुढच्या एका अभ्यासात अशा हवेमुळे जस्ताच्या कमतरतेत ढकलल्या जाणाऱ्यांत सर्वांत मोठा वाटा भारताचा निघाला, सुमारे 5 कोटी. म्हणजे पोतं तेवढंच, वजन तेवढंच, काट्यावर एक ग्रॅमही कमी नाही. टेंपलला हे फार आवडलं असतं.

आणि नेमकं हे ज्या राज्यात होऊ घातलंय तिथली अलीकडची स्थिती काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 मधल्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची सुमारे 35 टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी. सहा महिने ते पाच वर्षं वयाची जवळपास 69 टक्के मुलं आणि 54 टक्के स्त्रिया रक्तक्षयी. आधीच्या फेरीपेक्षा दोन्ही आकडे वाढलेले. त्याच पाहणीत दर चारांपैकी जवळजवळ एक स्त्री जादा वजनाची. एकाच घरात हे दोन्ही असू शकतं, आणि असतं. गल्लीतल्या टपरीवर पाच रुपयांचा कुरकुरीत पुडा लटकतो, तो पावसाची वाट पाहत नाही. बांधावरची घोळ, चिवळ, कुरडू मात्र तणनाशकाने जळते, आणि जळाली म्हणून तिचा पंचनामा होत नाही. पिकाचं नुकसान तलाठी मोजतो. ताटातल्या नुकसानाला रकाना नाही.

2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने माणशी महिना 5 किलो धान्याचा हक्क दिला. मी या कायद्याच्या बाजूचा आहे, आणि फुकट खाऊन लोक आळशी होतात म्हणणाऱ्यांना टेंपलचे वंशज समजतो. कायद्यात भरडधान्यालाही जागा आहे, आणि शेजारी कर्नाटकात उत्तरेकडे ज्वारी, दक्षिणेकडे नाचणी रेशनवर दिली जाते, म्हणजे हे अशक्य नाही. पण कायद्यातली धान्याची व्याख्या तांदूळ, गहू आणि भरडधान्यावर संपते. डाळ त्यात नाही. तमिळनाडूने, म्हणजे कॉर्निशच्या मद्रासने, 2007 पासून तूरडाळ आपल्या खर्चाने रेशनवर सवलतीत आणली. महाराष्ट्राने 2022 च्या दिवाळीला शंभर रुपयांत ‘आनंदाचा शिधा’ दिला. त्यात एक किलो रवा, एक किलो साखर, पामतेल, आणि एक किलो चणाडाळ होती.