घरातले भांडण आणि मुलांचे मन

आरोग्य म्हटले की आपण ताप, खोकला, अंगात रक्त कमी असणे, साखर वाढणे याबद्दल बोलतो. या वेळी आम्ही घरातल्या भांडणाबद्दल लिहीत आहोत, कारण त्याचा परिणाम मुलांच्या मनावर आणि शरीरावरही होतो. पोट दुखते म्हणून वारंवार दवाखान्यात येणारे मूल, सवय सुटल्यावर पुन्हा अंथरूण ओले करू लागलेले मूल, रात्री दचकून उठणारे मूल आम्ही नर्सेस नेहमी पाहतो. तपासणीत काही सापडले नाही की आईला हळूच विचारावे लागते, "घरात सगळे ठीक आहे ना?"

अनेकांना वाटते, लहान आहे, त्याला काय कळते? अमेरिकेतील ओरेगॉन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2013 मध्ये हेच तपासले. सहा ते बारा महिन्यांची बाळे झोपेत असताना त्यांना अर्थ नसलेली वाक्ये ऐकवली. काही रागाच्या आवाजात, काही आनंदी, काही साध्या आवाजात. त्याच वेळी मेंदूची हालचाल स्कॅनवर पाहिली. ज्या घरांत आईबापांची भांडणे जास्त होती, तिथल्या बाळांच्या मेंदूत खूप रागीट आवाजाला जास्त प्रतिसाद दिसला. ताण आणि भावना सांभाळणाऱ्या भागांतच तो दिसला. म्हणजे बाळ झोपले आहे म्हणून त्याच्या उशाशी ओरडायला हरकत नाही, हा आपला समज चुकीचा आहे.

भीती वाटली की शरीरात कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक वाढते. संकटातून सुटण्यासाठी ते गरजेचे असते. पण भीती रोजचीच झाली की शरीर सतत सावध राहते. झोप, भूक, पचन बिघडते, अभ्यासात लक्ष लागत नाही. काही मुले आडदांड होतात, तर काही फारच गप्प आणि 'शहाणी' होतात. गप्प मुलाकडे आपले लक्ष जात नाही, पण तेही आतून घाबरलेले असू शकते.

मग घरात भांडण होऊच नये का? असे घर कुठे असते! त्यात पगार उशिरा, पाणी कमी, खोली एक आणि माणसे सहा. मार्क कमिंग्ज आणि पॅट्रिक डेव्हिस या मानसशास्त्रज्ञांनी या विषयाचा अनेक वर्षे अभ्यास केला. त्यांचे म्हणणे असे की मूल भांडण पाहताना एकच गोष्ट शोधत असते, ती म्हणजे 'माझे घर टिकेल ना?' शिवीगाळ, धमकी, वस्तू फेकणे याने ते हादरते. चार-चार दिवसांचा अबोलाही त्याला कळतो आणि टोचतो. पण आईबाबांनी मतभेद बोलून मिटवलेले दिसले, तर त्याची भीती उतरते, आणि भांडण मिटवायचे कसे हेही ते शिकते. दुसऱ्या संशोधनातून असेही दिसले आहे की पुष्कळ मुले भांडणाचा दोष स्वतःकडे घेतात. शाळेच्या फीवरून वाद झाला की त्यांना वाटते, हे माझ्यामुळे झाले.

म्हणून काही साध्या गोष्टी कराव्यात. राग चढला की दोघांपैकी एकाने थोडा वेळ बाहेर पडावे, पण "परत येतो, मग बोलू" असे सांगून. पैशाचा विषय रात्री जेवताना काढू नये. "जा, तुझ्या बापाला सांग" असे म्हणून मुलाला निरोप्या करू नये, सासू-सुनेच्या वादात त्याला साक्षीदार करू नये. भांडण मिटले की मुलासमोर मिटवावे, आणि स्पष्ट सांगावे, "आमचे भांडण झाले, आता मिटले. त्यात तुझी काही चूक नव्हती."

मात्र मतभेद आणि मारहाण यांत फरक आहे. हे वाचून कोणी बाईला "मुलांकडे बघून सहन कर, गप्प बस" असे सांगू नये. आई मार खाते हे पाहणे मुलासाठीही जखमच असते. अमेरिकेत 1998 साली नऊ हजारांहून अधिक प्रौढांच्या बालपणाचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. आईला होणारी मारहाण, घरातली दारू, स्वतःला झालेला मार, असे अनुभव जितके जास्त, तितका पुढे व्यसन, नैराश्य, आत्महत्येचा प्रयत्न आणि हृदयविकाराचा धोका जास्त आढळला. मारहाण थांबवणे हेच मुलांचे संरक्षण आहे. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने बाईला राहत्या घरात राहण्याचा आणि संरक्षण मागण्याचा हक्क दिला आहे. महिलांसाठी 181, मुलांसाठी 1098, मानसिक त्रासासाठी टेलिमानसचा 14416 हे क्रमांक घराच्या भिंतीवर लिहून ठेवा.

ज्यांच्या घरात हे सगळे होऊन गेले आहे, त्यांनी खचू नये. हवाई बेटांतील कौआई येथे 1955 साली जन्मलेल्या 698 मुलांचा एमी वर्नर यांनी कित्येक दशके मागोवा घेतला. गरिबी, घरातली भांडणे, आईबापांचे व्यसन किंवा मानसिक आजार अशा अनेक अडचणींत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले सक्षम, प्रेमळ माणसे झाली. त्यांच्यात एक समान धागा दिसला, तो म्हणजे निदान एका मोठ्या माणसाचा भक्कम आधार. ते माणूस आजी असेल, मावशी असेल, शिक्षक असेल. शेजारच्या घरातले मूल विहाराच्या पायरीवर उशिरापर्यंत बसलेले दिसले तर त्याला हाकलू नका, जेवलास का ते विचारा. ते माणूस तुम्हीही होऊ शकता.

आपण रोज पंचशील म्हणतो. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. सम्यक वाणीत कठोर, शिवराळ बोलणे टाळायचे असते. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी पत्नीचा मान राखणे आणि तिचा अवमान न करणे ही पतीची कर्तव्ये सांगितली आहेत. रविवारी वंदना करून संध्याकाळी घरात शिव्या दिल्या, तर मूल वंदना विसरेल आणि शिव्या लक्षात ठेवेल. धम्माचा पहिला वर्ग आपल्या दहा बाय दहाच्या खोलीतच भरतो.

जय भीम, नमो बुद्धाय.