यदृच्छा आणि बंधन

यदृच्छा म्हटली कीं मनांत बेशिस्तीची कल्पना येते. फांसा कसाही पडतो, सोडतींत कोणाचेंही नांव निघतें. तेव्हां जेथें यदृच्छा आली तेथून नियम निघून गेला, असा समज होणें स्वाभाविक आहे. गणितशास्त्र मात्र नेमकें उलट सांगतें. शास्त्राच्या उपयोगी पडणारी यदृच्छा बंधनांच्या चौकटींतच वावरते, आणि ती चौकट जितकी विचारपूर्वक आंखलेली असेल तितका तिच्यांतून निघणारा निष्कर्ष विश्वासार्ह ठरतो. याचें प्रत्यंतर पाहावयास प्रयोगशाळेंत जाण्याचें कारण नाहीं. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यांत कडा या महसूल मंडळांत बाजरी कापणीस आली म्हणजे तें उघड्या शेतांत दिसूं लागतें.

कडा हें अहिल्यानगरहून बीडकडे जाणाऱ्या वाटेवरील बाजारपेठेचें गांव. भोंवतालचा मुलूख पर्जन्यछायेंतला. ओढ्याच्या अलीकडे सर पडावी आणि पलीकडे धूळ उडावी, हा तेथला नित्याचा अनुभव. अशा मंडळांत यंदा हेक्टरीं बाजरी किती पिकली, या प्रश्नाचें उत्तर द्यावयाचें कसें? प्रत्येक शेत कापून तोलणें अशक्य. पूर्वीं यावर आणेवारीचा उपाय होता. सोळा आणे म्हणजे भरघोस पीक असें धरून जाणत्या माणसानें नजरेनें ठरवावयाचें कीं यंदाचें पीक आठ आणे कीं दहा आणे. नजर अनुभवी असे यांत शंका नाहीं. परंतु नजरेमागचें मन तटस्थ असेलच असें नाहीं. ज्याला सारा माफ व्हावा असें वाटे त्याला पीक कमी दिसे. ज्याला वसूल करावयाचा त्याला तेंच पीक अधिक दिसे. शिवाय पाहणाऱ्याचे पाय सहजच रस्त्याकडच्या शेतांकडे वळत. यांत अप्रामाणिकपणाच असे असें नव्हे. मनुष्याच्या निवडीला त्याच्या नकळत कल मिळतो, एवढेंच.

तो कल टाळावयाचा तर निवड मनुष्याच्या हातून काढून घेतली पाहिजे, हा विचार इंग्लंडांत रोनाल्ड फिशर यांनीं शेतीच्या प्रयोगांसाठीं मांडला आणि १९३५ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत तो विस्तारानें विशद केला. हिंदुस्थानांत हबॅक यांनीं १९२० नंतरच्या दशकांत बिहार-ओरिसांतील भातासाठीं, आणि पुढें प्रशांतचंद्र महालनोबीस यांनीं बंगालमधील तागासाठीं नमुना पाहणीचे प्रयोग केले. त्याला देशभर चालेल अशी शिस्त देण्यांत दोन मराठी गणितज्ञांचा मोठा वांटा आहे : सातारा जिल्ह्यांतील बुध गांवीं १९११ सालीं जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे, आणि इंदूरच्या वनस्पति-संशोधन संस्थेंत कार्य केलेले विनायक गोविंद पानसे. या दोघांनीं मिळून लिहिलेला, शेतीसंशोधकांसाठीं सांख्यिकी समजावून देणारा ग्रंथ १९५४ सालीं प्रसिद्ध झाला.

या पद्धतींत यदृच्छा आणि बंधन हातांत हात घालून कशीं चालतात तें पाहण्यासारखें आहे. सबंध जिल्ह्यांतील गांवांच्या चिठ्ठ्या एकाच टोपींत घातल्या, तर कदाचित् बहुतेक चिठ्ठ्या गोदाकांठच्या पाटपाण्याखालील गांवांच्याच निघतील आणि आष्टीच्या कोरडवाहू गांवांना बोलण्याची संधीच मिळणार नाहीं. म्हणून पहिलें बंधन असें कीं, प्रत्येक मंडळाची सोडत निराळी. दुसरें बंधन असें कीं, निवडलेल्या गांवांत ज्या गटांत तें पीक प्रत्यक्ष उभें आहे तेवढेच यादींत घ्यावयाचे. या दोन कुंपणांच्या आंत मात्र कोणाचाही शब्द चालत नाहीं. कोणतें गांव आणि कोणता गट हें यदृच्छ संख्या ठरवितात.

तिसरें बंधन शेतांत पाऊल टाकल्यावर येतें. समजा, शेत ८० मीटर लांब व ४० मीटर रुंद आहे, आणि कापावयाचा चौकोन १० मीटर लांब व ५ मीटर रुंद. तो कोठें आंखावयाचा? शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यापासून मोजावयास आरंभ करितात. लांबीसाठीं ८० पर्यंतची कोणतीही संख्या घेतली आणि ती ७६ निघाली, तर चौकोन शेजाऱ्याच्या शेतांत ६ मीटर शिरेल. म्हणून लांबींतून १० व रुंदींतून ५ आधीं वजा करावयाचे. मग ७० पर्यंतची एक आणि ३५ पर्यंतची एक अशा दोन यदृच्छ संख्या घ्यावयाच्या. त्या जेथें नेतील तेथेंच खुंटी. तेथें कणसें भरदार असोत वा नुसतें गवत असो, जागा बदलतां येत नाहीं.

चौकोनाचा आकारही वाटेल तो चालत नाहीं. लहान चौकोन कापावयास सोपा खरा. पण दोरीवर येणारें ताट आंत धरावें कीं बाहेर, असा प्रश्न पडला म्हणजे कापणाऱ्याचा हात बहुधा तें आंत ओढतो. १० गुणिलें ५ मीटरच्या चौकोनाचें क्षेत्र ५० चौरस मीटर आणि परीघ ३० मीटर. एक मीटरच्या चौकोनाचें क्षेत्र १ आणि परीघ ४. म्हणजे क्षेत्राच्या मानानें दुसऱ्याची कड पहिल्याच्या सहापटींहून अधिक, आणि चुकीला वाव त्याच प्रमाणांत. फार लहान चौकोनांमुळें उत्पन्न फुगून दिसतें, हें सुखात्मे यांनीं १९४६ सालीं दाखवून दिलें. येथें यदृच्छेचा कांहींच उपयोग होत नाहीं. ती जागेची निवड निःपक्षपाती करील. हाताची ओढ तिला थांबवितां येत नाहीं. प्रयोगांची संख्या चौपट केली तर योगायोगानें येणारी चूक निम्म्यावर येते, पण एकाच दिशेनें होणारी चूक हजार प्रयोगांनींही कमी होत नाहीं.

हा सारा खटाटोप कशासाठीं, असें शहरांतील श्रोत्यास वाटेल. २०१६ सालच्या खरिपापासून सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेंत, बाजरीसारख्या पिकाचें उत्पन्न घटल्याची भरपाई अशाच पीक कापणी प्रयोगांवरून ठरते. मंडळासारख्या घटकांत मुख्य पिकाचे निदान १० प्रयोग व्हावेत असें मार्गदर्शक सूचना सांगतात. समजा, एका मंडळाचें उंबरठा उत्पन्न हेक्टरीं ८ क्विंटल आहे आणि दहाही प्रयोगांत ६ क्विंटल भरले. तूट दोन क्विंटलची, म्हणून भरपाई विमा रकमेच्या २५ टक्के. आतां कोणीं एकानें, निवडलेलें शेत लांब आहे म्हणून, जवळच्या विहिरीवरचें शेत कापलें आणि तेथें १६ क्विंटल भरले. सरासरी ७ वर गेली. भरपाई साडेबारा टक्क्यांवर, म्हणजे निम्म्यावर आली. एका माणसाची दोन कोसांची पायपीट वांचली, आणि त्या मंडळांतील प्रत्येक विमेदार शेतकऱ्याचा अर्धा घांस गेला. उलट, मुद्दाम वाळलेलें शेत निवडलें असतें तर तितकाच अन्याय विमा निधीवर झाला असता.

यावरून या विषयाचें मर्म ध्यानांत येतें. बंधनें घालावयाचीं तीं चिठ्ठी उचलण्यापूर्वीं. कोणतीं गांवें, कोणतीं शेतें, केवढा चौकोन, याचा विचार बुद्धीनें आधींच संपविला पाहिजे. चिठ्ठी उचलल्यावर मात्र बुद्धीनें बाजूस व्हावें, कारण त्यानंतर सुचणारी प्रत्येक सोय ही कोणाच्या ना कोणाच्या हिताची असते. कड्याच्या एखाद्या माळावर, जेथें नेऊं नये असें सर्वांना वाटतें तेथेंच दोरी ताणून बाजरी कापली जाते, तेव्हां तो आकडा साऱ्या मंडळाच्या वतीनें बोलण्यास पात्र होतो.